जुन्या ट्रकला दुसरा गिअरबॉक्स: बाजारात जाण्याआधी

दहा टायरच्या जुन्या टिपरचा गिअरबॉक्स बसला की मालकाचा फोन थांबत नाही. ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, या वेळी सहा गिअरचाच टाका, घाटात फार कुचंबणा होते." मिस्त्री म्हणतो, "आपलाच खोलू. दोन बेअरिंग आणि एक गिअर, परवा गाडी रस्त्यावर." कुर्ल्याचा पार्टवाला सांगतो, "तयार माल आहे. जुना द्या, हा घेऊन जा." तिघंही खोटं बोलत नसतात. पण गाडीचा क्राऊन कितीचा आहे, असं विचारलं तर तिघांपैकी एकाला तरी उत्तर येईलच असं नाही. आणि गिअरबॉक्सची निवड खरं तर तिथूनच सुरू होते.

इथे ज्या गाड्यांबद्दल बोलायचं आहे त्या ओळखीच्याच आहेत. टाटाच्या २५१५ आणि २५१८, अशोक लेलँडची २५१६ आणि त्यांच्या जातकुळीतल्या इतर. नावातले पहिले दोन आकडे एकूण वजनाचे, म्हणजे गाडी आणि माल मिळून २५ टन. पुढचे दोन अश्वशक्तीचे, १५ म्हणजे साधारण १५० आणि १८ म्हणजे १८०. बीएस-३ गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून थांबली, तोपर्यंत अशा हजारो गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. आजही क्रशरवरची खडी, नदीकाठची माती, साखर कारखान्याची पोती आणि बांधकामाचा मुरूम त्या इमानेइतबारे ओढतात. इंजिन एकदा बोअर करून झालेलं असतं, चासी मजबूत असते, हप्ते कधीच फिटलेले असतात. गिअरबॉक्ससाठी गाडी भंगारात काढावी असं कोणाला वाटत नाही, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

आधी निदान

गिअरबॉक्स बदलायचा निर्णय घेण्याआधी दोष तिथेच आहे याची खात्री हवी. ही गोष्ट इतकी उघड आहे की गॅरेजमध्ये तीच राहून जाते.

गिअर पडताना खरखर होते, रिव्हर्स तर दात खात खातच पडतो, म्हणून गिअरबॉक्स उतरवला जातो. अशा वेळी एक साधी परीक्षा करावी. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद गाडीत ते लोण्यासारखे पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही एवढाच त्याचा अर्थ. क्लच प्लेट अडकते, पायलट बेअरिंग धरतं किंवा पेडलला पुरेसा प्रवास मिळत नाही. अशा गाडीला नवा गिअरबॉक्स बसवला तर महिन्याभरात त्याच्याही सिंक्रो रिंगा जातात.

आवाजालाही भाषा असते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, पाय क्लचवरून काढलेला आणि घरघर चालू. क्लच दाबताच आवाज बंद. इथे संशय क्लच शाफ्टच्या किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग पाहावं. फक्त तिसऱ्यात आवाज, बाकी शांत, तर तिसऱ्याची जोडी. आणि सपाट रस्त्यावर वेग घेऊन क्लच दाबला, तरी रडका आवाज गाडीच्या वेगाबरोबरच कमीजास्त होत राहिला, तर बहुधा दोष मागे आहे: सेंटर बेअरिंग, प्रोपेलरचा क्रॉस किंवा क्राऊन-पिनियन.

गिअर आपोआप सटकतो तेव्हा मात्र बहुतेकदा काम आतलंच असतं. स्लीव्हचे आणि डॉगचे दात झिजलेले असतात किंवा बेअरिंगमध्ये खेळ वाढलेला असतो. तरीही माउंटिंगचे रबर आणि बेल हाउसिंगचे बोल्ट तपासल्याशिवाय पाना लावू नये.

जुना का गेला?

गिअरबॉक्स खोलला की आतला माल शवविच्छेदनासारखा वाचता येतो. दात निळसर-काळे पडले असतील तर तेल कमी होतं. मागचं सील गळत होतं किंवा ब्रीदर बुजल्याने दाब वाढून तेल बाहेर फेकलं जात होतं. दाताचा तुकडा एकदम उडाला असेल आणि तुटलेली जागा ताज्या फुटलेल्या दगडासारखी दाणेदार दिसत असेल, तर झटका बसला आहे. खाणीच्या चढावर भरलेली गाडी क्लच झटकून उचलली गेली असणार. दातांच्या तोंडावर बारीक खड्डे म्हणजे वय आणि सततचा जास्तीचा भार.

जास्तीचा भार म्हणजे नुसता मालच नव्हे. इंजिनचा पंप 'वाढवून' घेण्याची पद्धत सर्रास आहे. गाडी पळते, मालक खूश होतो, आणि ज्या गिअरबॉक्सने १५० अश्वशक्तीच्या इंजिनचा पीळ सोसायचा त्याच्यावर त्याहून बराच जास्त पीळ येतो. काही गाड्यांत तर मूळ इंजिन काढून मोठं इंजिन बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स जुनाच ठेवलेला असतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. कागदावर मर्यादा वाढली म्हणून २००८ सालच्या गिअरबॉक्सचे दात काही जाड झाले नाहीत, हे भाडं ठरवताना सोयीस्करपणे विसरलं जातं.

दोन कारणं अशी आहेत की त्यांची नोंद कोणीच घेत नाही. पहिलं, टोचन. इंजिन बंद आहे आणि मागची चाकं रस्त्यावर फिरत आहेत, अशा अवस्थेत गाडी ओढून नेली तर चाकांमुळे प्रोपेलर आणि मेन शाफ्ट फिरतात, पण काउंटर शाफ्ट फिरत नाही. या गिअरबॉक्समध्ये तेल उडवण्याचं काम काउंटर शाफ्टच्या गिअरांचं असतं. म्हणजे मेन शाफ्टवरचे गिअर आणि बेअरिंग कोरडेच धावतात. प्रोपेलर न काढता चाळीस-पन्नास किलोमीटर टोचन केलेली गाडी ब्रेकडाउनच्या वेळी एका रोगाने आजारी असते, गॅरेजला पोहोचते तेव्हा दोन रोगांनी. घाटाच्या उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडण्याच्या सवयीतही हाच धोका थोड्या प्रमाणात असतो. ब्रेकचा धोका वेगळाच.

दुसरं कारण तेलाचं. क्राऊनला लागणारं जीएल-५ प्रतीचं तेल दुकानात हमखास मिळतं, आणि "भारीचं आहे" म्हणून तेच गिअरबॉक्समध्येही ओतलं जातं. त्यातली गंधक-फॉस्फरसची मिसळण क्राऊन-पिनियनच्या घसटीसाठी उत्तम, पण पितळी सिंक्रो रिंगांना ती हळूहळू खाऊ शकते. सिंक्रोमेश गिअरबॉक्सला कंपनीने सांगितलेलं, सहसा जीएल-४ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० तेल घालावं. डबा महाग की स्वस्त याने फरक पडत नाही.

कारण सापडलं नाही तर नवा गिअरबॉक्स त्याच वाटेने जाणार. म्हणून मिस्त्रीने जुना खोलेपर्यंत मालकाने बयाणा देऊ नये, आणि खोलताना जमलं तर स्वतः तिथे उभं राहावं.

आकडे ज्याचे त्याने काढावेत

क्राऊनचा आकडा म्हणजे प्रोपेलर किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ६ असतील तर ६.८३, ४१ आणि ७ असतील तर ५.८६. अ‍ॅक्सलवरची पट्टी गंजून गेली असेल तरी हा आकडा काढता येतो. मूळच्या गिअरबॉक्सचा वरचा गिअर थेट असेल, म्हणजे एकास एक, आणि टायर १०.००-२० असतील, तर चाकाचा एक फेरा साधारण ३.२ मीटरचा. टॉप गिअरमध्ये इंजिन १,५०० फेऱ्यांवर धरून मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहावा. ४२ किलोमीटर दिसला तर क्राऊन ६.८३ चा, ४९ च्या आसपास दिसला तर ५.८६ चा. गिअरबॉक्स बंद पडण्याआधी हे करून ठेवलं तर उत्तम, कारण नंतर गाडी चालवून हा हिशेब जमत नाही.

आता ड्रायव्हरची मागणी या आकड्यांत घालून पाहू. समजा गाडी २५ टनांची, इंजिनचा सर्वांत जास्त टॉर्क ५५० न्यूटन-मीटर, क्राऊन ६.८३ चा. पाच गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये पहिला गिअर ७.५ चा. वाटेतली घट धरली तर अशी गाडी साधारण १८ टक्क्यांच्या चढावर हलते. सहा गिअरच्या बॉक्समध्ये पहिला ९ चा असेल तर तीच गाडी सुमारे २२ टक्क्यांच्या चढावर हलेल. खाणीतून वर येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर हा फरक मोठा आहे, क्लचचं आयुष्य त्यातच दडलेलं आहे.

पण या फायद्याचं बिल मागे येतं. पहिल्या गिअरमध्ये प्रोपेलरवर येणारा पीळ ४,१२५ न्यूटन-मीटरवरून ४,९५० वर जातो. क्रॉस, सेंटर बेअरिंग, पिनियन, अ‍ॅक्सल शाफ्ट या सगळ्यांवर वीस टक्के जादा. मजबूत गिअरबॉक्स टाकल्यावर दोन महिन्यांत क्राऊन तुटला, अशी तक्रार वाहतूकदारांच्या अड्ड्यावर ऐकू येते तेव्हा नशिबाला दोष देऊन चालत नाही. सर्वांत कच्चा दुवा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकला, इतकंच झालेलं असतं.

ड्रायव्हर जे मागतो त्यात तथ्य असतं, मात्र त्याचं कारण गिअरांची संख्या नसून दोन गिअरांमधलं अंतर असतं. ७.५ पासून १ पर्यंत पाच गिअरांत यायचं तर प्रत्येक पायरी साधारण १.६५ पटीची होते; ९ पासून १ पर्यंत सहा गिअरांत, तर १.५५ पटीची. इंजिन २,४०० वर ताणून पुढचा गिअर टाकला की पहिल्या प्रकारात ते १,४५० पर्यंत खाली येतं, दुसऱ्यात १,५५० पर्यंत. खंबाटकी किंवा कसारा चढताना गाडी नेमक्या याच शंभर फेऱ्यांसाठी तडफडते: वरचा गिअर टाकला तर इंजिन दम सोडतं, खालच्यात ठेवलं तर नुसतं ओरडतं. घाटवाटेवरच्या मालवाहू ट्रकला जवळजवळच्या पायऱ्या हव्यात, खाणीतल्या टिपरला खालचा पहिला गिअर. एकाच मालकाच्या दोन सारख्या गाड्यांनाही त्यामुळे वेगवेगळे गिअरबॉक्स योग्य ठरू शकतात.

आणि ओव्हरड्राइव्ह? लांब पल्ल्याच्या गाडीला तो मोहात पाडतो. ६.८३ च्या क्राऊनवर थेट टॉपमध्ये ६० किलोमीटरच्या वेगाला इंजिन २,१३० च्या आसपास फिरतं. वर ०.८ चा ओव्हरड्राइव्ह मिळाला तर तेच काम १,७०० ला होतं. आवाज कमी, डिझेल कमी. पण दीडशे अश्वशक्तीचं इंजिन भरल्या गाडीला ओव्हरड्राइव्हमध्ये जराशा चढावरही धरू शकत नाही. ड्रायव्हर लगेच खाली येतो. परतीची रिकामी धाव जास्त असेल तरच पैसे वसूल होतात. शिवाय थेट गिअरमध्ये शक्ती सरळ मेन शाफ्टमधून जाते, ओव्हरड्राइव्हमध्ये ती काउंटर शाफ्टवरून फिरून जाते आणि तिथे थोडी घट होते. आणखी एक गोष्ट: याच क्राऊनवर गाडी ८० ने पळवली तर प्रोपेलर मिनिटाला सुमारे २,८५० वेळा फिरतो. पूर्वी इंजिनच २,४००-२,५०० ला थांबत असल्याने तो तिथवर कधी गेलाच नव्हता. त्याचा तोल आणि सेंटर बेअरिंग तपासल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

नावाच्या पट्टीवर बरंच काही असतं

गिअरबॉक्सवरची पट्टी वाचायला शिकलं की अर्धा बाजार कळतो. टाटाच्या जी ७५०, जी ९५०, जी ११५० या मालिकेत आकडा मोठा तसा बॉक्स जास्त टॉर्क पेलणारा. झेडएफच्या ९एस १११० मध्ये ९ म्हणजे नऊ गिअर, एस म्हणजे सिंक्रोमेश, आणि पुढच्या आकड्यावरून अकराशे न्यूटन-मीटरच्या घरातली ताकद कळते. अशोक लेलँडच्या कित्येक गाड्यांत झेडएफच्या आराखड्याचे सहा गिअरचे बॉक्स असतात. कंपनीचा गिअरबॉक्स बनवणारा कारखाना आपल्याच भंडारा जिल्ह्यात, गडेगावला आहे. अमेरिकेतल्या जड ट्रकांना लागणाऱ्या ईटन फुलर बॉक्सचं नाव तर अख्खं कोष्टकच असतं. एफआरओ-१६२१०सी यात ओ म्हणजे ओव्हरड्राइव्ह, १६ वरून १,६५० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे २,२०० न्यूटन-मीटरच्याही वर, आणि शेवटचे १० म्हणजे दहा गिअर. तिथला मालक भंगारातून बॉक्स उचलताना आधी हीच पट्टी पुसून वाचतो. आपल्याकडे ती पट्टी रंगाखाली गेलेली असते, आणि कधीकधी ती मुद्दामच रंगवलेली असते.

पट्टीवरच्या टॉर्कची तुलना इंजिनच्या टॉर्कशी करावी, अश्वशक्तीशी करू नये. पंप वाढवलेला असेल तर त्याचा अंदाज धरावा, नाहीतर पंप पूर्ववत करून घ्यावा. दुसरा उपाय जास्त स्वस्त पडतो, पण तो कोणालाच आवडत नाही.

बसण्याच्या बाबतीत काही जागा अशा आहेत की तिथे अंदाज चालत नाही, मोजावंच लागतं. बेल हाउसिंगचे बोल्ट आणि मधला गोल फ्लायव्हील हाउसिंगशी जुळायला हवा. क्लच शाफ्टच्या खाचा, त्यांची संख्या आणि जाडी क्लच प्लेटशी जुळली पाहिजे; प्लेट ३५२ मिलिमीटरची की ३८० ची, यावर हे अवलंबून असतं. शाफ्टचं पुढचं टोक पायलट बेअरिंगमध्ये नीट बसलं पाहिजे, नाहीतर मधे बुश घालून काम भागवलं जातं आणि ते बुश सहा महिन्यांत बाहेर येतं. मागचा फ्लँज वेगळा असेल तर प्रोपेलरचा फ्लँज बदलावा लागतो. बॉक्सची लांबी इंचभर जरी कमीजास्त झाली तरी प्रोपेलर कापणं किंवा वाढवणं आलं, आणि कापलेला प्रोपेलर बॅलन्स न करता बसवणं म्हणजे नव्या बॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर पहिल्या दिवसापासून हातोडी मारणं.

टिपरच्या मालकाने पीटीओची खिडकी विसरू नये. हायड्रॉलिकचा पंप गिअरबॉक्सच्या बाजूला लागलेल्या पीटीओवर चालतो. नव्या बॉक्सला खिडकी डावीकडे आहे की उजवीकडे, आणि आतल्या गिअरचे दात पीटीओशी जुळतात का, हे आधी पाहावं. बाकी सगळं उत्तम बसून ट्रॉली उचलत नाही म्हणून गाडी दहा दिवस उभी राहिल्याची उदाहरणं क्रशरच्या पट्ट्यात पुष्कळ मिळतील.

स्पीडोमीटरची गोष्ट लहान दिसते, पण पासिंगच्या दिवशी ती मोठी होते. जुन्या बॉक्सला केबल असते, नव्याला सेन्सर. वेगमर्यादा यंत्र, म्हणजे गाडीला ठरलेल्या वेगाच्या वर जाऊ न देणारं, त्याच सिग्नलवर चालतं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, आणि तिथे हे यंत्र चालू असावं लागतं. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, तिथे चासी आणि इंजिनचाच असतो. त्यामुळे बॉक्स बदलल्याने इंजिन बदलल्यासारखी नोंद करावी लागत नाही. तरी बिल जपून ठेवावं. गाडी विकताना ते दाखवलं की गिऱ्हाईक गप्प बसतं.

कुठून घ्यायचा

पर्याय चार. आपलाच दुरुस्त करणं, कंपनीचा रिकंडिशन केलेला बदलून घेणं, जुन्या बाजारातला घेणं आणि कोरा नवा घेणं. पंधरा वर्षांच्या गाडीला कोरा नवा बॉक्स फारच क्वचित परवडतो, त्यामुळे प्रश्न पहिल्या तीन पर्यायांचाच.

आपलाच दुरुस्त करणं हा बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाचा मार्ग असतो, मात्र एका अटीवर: हाउसिंग धड असलं पाहिजे. बेअरिंगच्या बसणीत हाउसिंग खाल्लं गेलं असेल किंवा तडा गेला असेल, तर आत कितीही नवा माल घाला, शाफ्ट सरळ रेषेत राहत नाहीत. लेथवर बुश घालून सरळ केलेलं हाउसिंग चालतं, पण ते करणारा कारागीर तसा हवा. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात जुना दर लावलेला नाही ना, हे पाहायला हरकत नाही. नक्कल बेअरिंगांचा सुळसुळाट आहे. एसकेएफसारख्या कंपनीने अस्सल माल ओळखण्यासाठी मोबाइल अ‍ॅपसुद्धा दिलं आहे. आठशे रुपये वाचवायला घेतलेलं नक्कल बेअरिंग अख्खा मेन शाफ्ट घेऊन जातं.

कंपनीच्या रिकंडिशन योजनेत, उदाहरणार्थ टाटा मोटर्सच्या प्रोलाइफमध्ये, जुना बॉक्स द्यायचा आणि दुरुस्त केलेला वॉरंटीसह घ्यायचा. यात पैशांपेक्षा वेळ वाचतो. हा हिशेब मालकाने कागदावर मांडावा. समजा खर्च वजा जाता गाडी दिवसाला तीन हजार मिळवते, गॅरेजची दुरुस्ती आठ दिवसांची आणि बदली बॉक्स तीन दिवसांत मिळतो. पाच दिवसांचे पंधरा हजार रुपये बदली बॉक्सच्या जास्तीच्या किमतीतून आधीच वजा करायला हवेत. जुना बॉक्स परत देताना त्याचं हाउसिंग फुटलेलं असेल तर किती कापणार, आणि वॉरंटी नेमकी कशावर, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत, आणि उत्तर लेखी घ्यावं.

जुना बाजार हा वेगळाच विषय. कुर्ल्याची कपाडियानगरची बाजू, कळंबोली, दिल्लीचं मायापुरी. अपघातात गेलेल्या किंवा मोडीत काढलेल्या गाड्यांचा माल तिथे येतो आणि त्यात खरोखर चांगले बॉक्स असतात. नियम एकच: वरचं झाकण उघडल्याशिवाय घेऊ नये. दात पाहावेत, शाफ्ट हाताने वरखाली हलवून खेळ पाहावा, सिंक्रो रिंग आणि गिअर यांच्यातली फट फीलर गेजने मोजावी, खालचा नट काढून चुंबकाला काय लागलं आहे ते पाहावं. "चालू गाडीतला काढला आहे" हे वाक्य पुरावा नव्हे. बिल, आणि बिलावर बॉक्सचा नंबर, आग्रहाने घ्यावा. चोरीच्या गाड्यांचे भाग विकण्यासाठी देशभर बदनाम असलेला मेरठचा सोतीगंज बाजार पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला. असा माल मात्र कुठल्याही गल्लीत फिरू शकतो, आणि चोरीचा माल घेणाराही गुन्ह्यात सापडतो.

मग मोठा, जास्त गिअरचा बॉक्स घ्यायचाच नाही का? घ्यावा, पण गाडी आणखी पाच-सहा वर्षं त्याच मार्गावर त्याच कामाला राहणार असेल, आणि प्रोपेलर-क्राऊनही त्या तोडीचे करायची तयारी असेल, तरच. दोन वर्षांत विकायची गाडी असेल तर मूळच्याच मॉडेलचा दुरुस्त बॉक्स बसवून मोकळं व्हावं. नऊ गिअरच्या बॉक्समध्ये खालचा-वरचा टप्पा हवेवर बदलतो. त्यासाठी हवेची वेगळी लाइन, फिल्टर आणि मुठीवरचा स्विच लागतो, आणि हवेची टाकी गळकी असेल तर ऐन चढावर टप्पा बदलत नाही. शिवाय ड्रायव्हरला तो चालवता आला पाहिजे. आपोआप गिअर बदलणाऱ्या एएमटीचा विचार यांत्रिक पंपाच्या इंजिनसाठी सोडूनच द्यावा. त्या यंत्रणेला इंजिनशी इलेक्ट्रॉनिक संवाद लागतो आणि जुन्या इंजिनाकडे तो नसतो.

बसवताना आणि नंतर

बॉक्स खाली आहे तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील एकदाच बदलून घ्यावं. दीडशे-दोनशे किलोचा बॉक्स या भागांसाठी पुन्हा उतरवायची मजुरी वाचते. फ्लायव्हीलवर भेगा किंवा निळे डाग असतील तर त्याला मशीन मारून घ्यावं. चढवताना बॉक्स जॅकवरच राहिला पाहिजे, क्लच शाफ्टवर लटकता कामा नये. नाहीतर प्लेटचा मधला भाग वाकतो आणि पहिल्याच दिवशी गिअर अडतात.

पहिले काही दिवस गाडी पूर्ण भरू नये. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तेल गरम असतानाच काढावं, कारण नव्या दातांची पहिली घासणी त्यात उतरलेली असते. खालच्या नटाच्या चुंबकाला राखाडी मऊ लेप लागला असेल तर ठीक. पण नखाएवढे, टोचणारे तुकडे लागले असतील, तर तेल बदलून गाडी पुढे हाकू नये. ते तुकडे पुडीत बांधून, बिल आणि किलोमीटरची नोंद घेऊन, वॉरंटीची मुदत संपण्याआधी ज्याच्याकडून बॉक्स घेतला त्याच्या दारात जावं.